घराचं नूतनीकरण आणि विश्वासू इंटिरियर डिझायनर : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत मी बरीच वर्षं सचिव आहे. नूतनीकरणाचा प्रत्येक अर्ज माझ्या हातून जातो आणि काम बिघडलं की पहिला फोनही मलाच येतो. नौपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत आणि ऐरोलीपासून खारघरपर्यंतचे नातेवाईक, मैत्रिणी, त्यांचे शेजारी हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डिझायनर, आर्किटेक्ट, कॉन्ट्रॅक्टर यांत फरक काय? आम्हाला नेमकं कोण हवं?

‘आर्किटेक्ट’ म्हणवून घ्यायला वास्तुविशारद कायदा, १९७२ खाली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियर डिझायनरला अशी सक्तीची नोंदणी नाही. उद्या कुणीही पाटी लावू शकतं, आणि लावतातही. कॉन्ट्रॅक्टर सुतार, गवंडी, प्लंबर, रंगारी आणून काम पूर्ण करून देतो. आराखडा तो तुमच्याकडून किंवा डिझायनरकडून घेतो.

फक्त रंग, एखादं कपाट आणि ओट्याखालच्या ट्रॉल्या करायच्या असतील तर चांगला सुतार पुरतो, डिझायनरची फी वाया घालवू नका. अख्खं घर उघडायचं असेल, वायरिंग आणि नळ बदलायचे असतील, तर डिझायनर हवा. भिंतीला हात लागणार असेल तर त्याच्या जोडीला स्ट्रक्चरल इंजिनिअरही हवा (प्रश्न ११).

२. मग डिग्री, सर्टिफिकेट पाहायचं की नाही?

पाहा, पण तिथेच थांबू नका. इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही १९७२ पासूनची संस्था आहे, पण तिचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. सदस्य नसलेले उत्तम डिझायनर मी पाहिले आहेत. शिक्षणावरून माणसाला आराखडा काढता येतो एवढं कळतं. तुमच्या पैशाशी तो कसा वागेल, हे त्याने आधी केलेल्या घरांतच कळतं.

३. इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून निवडलं तर चालेल का?

फोटो काम संपल्याच्या दिवशी काढलेले असतात. आपल्याकडे घराची परीक्षा पहिल्या दोन पावसाळ्यांत होते. म्हणून डिझायनरला सांगा, दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एक घर आणि आज चालू असलेली एक साइट दाखवा. दोन्ही दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुढचं काही विचारायची गरज नाही.

जुन्या घरी गेलात की हॉलच्या टीव्हीच्या भिंतीत अडकू नका. घरच्यांची परवानगी घेऊन सिंकखालचं कपाट उघडा आणि तळाच्या फळीवरून हात फिरवा. फुगली असेल तर बोटांना कळतं. बाथरूमच्या दाराची खालची कड बघा. सगळ्यात जड ट्रॉली पूर्ण बाहेर ओढून सोडून द्या. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या वॉर्डरोबमध्ये नाक घाला, बुरशीचा वास लपत नाही.

मग घरमालकांना बाजूला घेऊन विचारा : कोटेशन कितीचं होतं आणि शेवटी किती गेले? रोज साइटवर कोण असायचं? काम संपल्यावर बिजागरी सैल झाली तेव्हा कोण आलं, किती दिवसांनी? शेवटच्या प्रश्नावर लोक थोडे थांबून बोलतात. तेच नीट ऐका.

चालू साइटवर बघायचं वेगळं असतं. कामगार कुणाकडून सूचना घेतात, भिंतीवर आराखडा चिकटवलेला आहे की सुतार मोबाइलवरचा फोटो बघून कापतोय, प्लायच्या शीट भिजणार नाहीत अशा ठेवल्यात का. पाच मिनिटं पुरतात.

४. पहिल्या भेटीत आम्ही काय विचारायचं?

सध्या किती साइट चालू आहेत, तुमच्या साइटवर स्वतः कोण येणार आणि आठवड्यातून किती वेळा, सुतार त्यांचे नेहमीचे आहेत की नाक्यावरून आणणार, हे विचारा.

पण तो तुम्हाला काय विचारतो, याकडे जास्त लक्ष द्या. माझ्या नणंदेच्या नेरूळच्या घरी आलेल्या एका मुलीने पहिला अर्धा तास रंगाचं नावसुद्धा काढलं नाही. पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालता, गणपती किती दिवसांचा आणि मखर कुठे मांडता, लोणच्याच्या बरण्या किती, आजींना रात्री उठावं लागतं का, बाथरूममध्ये धरायला दांडा हवा का, असं विचारत राहिली. नणंदेने तिथेच ठरवलं. आज आजींच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत पायाशी मंद दिवा आहे आणि गणपतीच्या दिवसांत हॉलचं एक कपाट चाकांवरून सरकून बाजूला होतं. ज्याला तुमच्या घरातली माणसं दिसत नाहीत, तो तुमच्या घरात त्याच्या आवडीचं घर बांधून जातो.

५. तीन कोटेशन आली आहेत आणि रकमेत दोन-तीन लाखांचा फरक आहे. ताडून कशी बघायची?

शेवटची रक्कम झाकून ठेवा. आधी माप, मग माल, मग ‘यात काय नाही’, या क्रमाने वाचा.

मापाचं उदाहरण देते. एल आकाराच्या ओट्याची एक बाजू ८ फूट, दुसरी ६. भिंतीने मोजलं तर १४ फूट होतात. पण ओटा २ फूट खोल असतो, म्हणजे कोपऱ्यातले २ फूट दोनदा मोजले गेले. खालचं कपाट १२ फुटांचंच आहे. रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या प्रत्येक फुटामागचा, दर कमी सांगून १४ फूट लावणारा आणि जास्त दर सांगून १२ लावणारा, यांत स्वस्त कोण, हे गुणाकार केल्याशिवाय कळत नाही.

वॉर्डरोबचंही तसंच. समजा ६ बाय ७ फुटांचं कपाट आणि वर ६ बाय २ चा लॉफ्ट, म्हणजे छतालगतचा माळा, आहे. एकजण सगळं धरून १५०० रुपये चौरस फूट सांगतो : ५४ फुटांचे ८१,००० रुपये. दुसरा १३०० सांगतो आणि स्वस्त वाटतो : ४२ फुटांचे ५४,६००. पण लॉफ्ट वेगळा, ११०० दराने १३,२००. आतले चार ड्रॉवर वेगळे, प्रत्येकी ३५०० प्रमाणे १४,०००. झाले ८१,८००, आणि हँडल अजून बाकीच आहेत.

मालाच्या बाबतीत मी स्वतः फसले. आमच्या स्वयंपाकघराच्या कोटेशनमध्ये ‘उत्तम प्रतीचे प्लाय’ एवढंच लिहिलं होतं आणि तोंडी मरीन, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या, प्लायचं आश्वासन होतं. दुसऱ्या पावसाळ्यात सिंकखालची फळी भाकरीसारखी फुगली. तक्रार केली तेव्हा उत्तर आलं, ‘मरीन कुठे लिहिलंय?’ खरंच कुठेच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या लेखी विश्वासू माणसाची खूण एकच : तो जे बोलतो ते न कुरकुरता लिहून देतो. कोटेशनमध्ये प्लायचा प्रकार, जाडी आणि कंपनी, लॅमिनेटची (प्लायवर चिकटवायच्या वरच्या थराची) जाडी, बिजागऱ्या आणि ड्रॉवर सरकवणाऱ्या चॅनेलची कंपनी, रंगाचं नाव आणि किती हात, हे सगळं असलं पाहिजे. ‘किंवा तत्सम’ हे शब्द दिसले की खोडून घ्या.

‘यात काय नाही’ हा भाग बहुतेक कोटेशनमध्ये नसतोच. तो मागून घ्या. जुनं फोडणं, राडारोडा उचलणं, सोसायटीचं शुल्क, दिवे-पंखे, नळ, काम झाल्यावरची सफाई हे सहसा त्यातच दडलेलं असतं.

६. प्लाय खरा आहे की नाही, आम्हाला कसं कळणार?

सामान्य प्लायचं भारतीय मानक आयएस ३०३ आणि मरीन प्लायचं आयएस ७१०. शीटवर आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते दिसतं. करारातच लिहून घ्या की ८ बाय ४ च्या अख्ख्या शीट साइटवर येतील आणि तुम्ही छाप पाहिल्यावरच कापल्या जातील. शीट मोजा, फोटो काढा. लॅमिनेट चिकटलं की आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्या घराला मरीन लावायला सांगणाराही मला पटत नाही. सिंकखाली, ओट्याखाली आणि बेसिनच्या कपाटाला ते हवं. बेडरूममधल्या कोरड्या भिंतीच्या वॉर्डरोबला साधा चांगला प्लाय पुरतो. खाडीजवळ, म्हणजे वाशी, ऐरोली, कोलशेत अशा भागात राहत असाल तर बिजागऱ्यांवर थोडा जास्त खर्च करा. ओट्याजवळच्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्या घ्या. हलक्या स्टीलला तिथल्या हवेत लवकर गंज धरतो.

७. डिझायनर दुकानदारांकडून कमिशन घेतात म्हणे. मग सगळेच लबाड का?

नाही. कमिशनची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. फरक सांगण्यात आणि लपवण्यात आहे. सरळ विचारा, ‘दुकानात तुमचा वाटा असतो का? असेल तर तो आमच्या बिलातून वजा कराल की फीमध्ये धरला आहे?’ शांतपणे उत्तर देणाऱ्याबरोबर पुढे जा. आणि लादी, नळ, दिवे यांसाठी एखाद्या दुसऱ्या दुकानात एकटे जाऊन भाव काढून या. एका रविवारचं काम आहे.

८. ॲडव्हान्स किती द्यायचा?

मी सांगते ती विभागणी अशी : करार करताना १० टक्के, सामान साइटवर आल्यावर २५, कपाटांचे सांगाडे उभे राहिल्यावर २५, लॅमिनेट आणि रंग पूर्ण झाल्यावर ३०. उरलेल्या १० टक्क्यांतले निम्मे ताबा घेताना आणि निम्मे महिनाभर सगळं वापरून पाहिल्यावर. आकडे थोडे मागेपुढे होतील, पण पैसा तारखेप्रमाणे न जाता कामाप्रमाणे गेला पाहिजे. ‘सुतारांना गावी जायचंय, पुढचा हप्ता आधी द्या’ ही विनंती एकदा मान्य केलीत की हातातली दोरी सुटली.

याला एक अपवाद आहे. कारखान्यात बनणारं मॉड्युलर किचन मागवलं तर कंपनी माल निघण्याआधीच बरीच रक्कम मागते, कारण तुमच्या मापाची कपाटं दुसऱ्याला विकता येत नाहीत. तेव्हा अंतिम आराखड्यावर सही करण्याआधी पैसे सोडू नका आणि बसवणीसाठी ठळक रक्कम मागे ठेवा.

९. ‘बिल नको, जीएसटीचे १८ टक्के वाचतील’ असं डिझायनरच सांगतोय. काय करू?

बिल घ्या. बिलाशिवाय तुम्ही त्याला पैसे दिले हेच उद्या सिद्ध होत नाही, आणि प्रश्न १६ ची वेळ आली तर हात रिकामे असतात. जीएसटी लावणाऱ्याचा १५ अक्षरी क्रमांक बिलावर हवा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान व्यावसायिकाला नोंदणी सक्तीची नसते. त्याने जीएसटी लावायचाच नाही, साधी सही केलेली पावती द्यायची. तो त्यामुळे अविश्वासू ठरत नाही. पैसे मात्र चेकने किंवा बँकेतूनच द्या.

१०. करारात काय काय लिहून घ्यायचं?

२०२४ च्या ऑक्टोबरपासून महाराष्ट्रात अशा कामांसाठी १०० ऐवजी किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. त्याला प्रश्न ५ मधलं तपशीलवार कोटेशन, आराखडे आणि हप्त्यांचं कोष्टक जोडा. काम सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, उशीर झाल्यास दर आठवड्याला किती रक्कम वजा, दुरुस्तीची हमी किती महिने, कामगाराला इजा झाल्यास जबाबदारी आणि विमा कुणाचा, हे लिहा.

सगळ्यात जास्त भांडणं वाढीव कामावरून होतात. ‘हा कोनाडाही करून टाका’ असं आपणच सहज बोलतो आणि शेवटच्या बिलात लाखभर रुपये उगवतात. म्हणून एक ओळ हवीच : वाढीव कामाची रक्कम आधी लेखी कळवली आणि मी होकार दिला, तरच ते बिलात येईल. व्हॉट्सॲपवरचा होकारही चालेल, पण तो रकमेसकट हवा.

आणि भिंती बुजवण्याआधी पाइप आणि वायरचे फोटो मागा, शेजारी टेप धरून. दिव्यांना दीड, प्लगला अडीच आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर हा घरगुती वायरिंगचा नेहमीचा हिशेब आहे, तो आराखड्यावर लिहिलेला असावा. पाच वर्षांनी भिंतीत खिळा ठोकताना हे फोटो उपयोगी पडतात.

११. भिंत काढून हॉल मोठा करायचा आहे. डिझायनर म्हणतो, ‘काही होत नाही, सगळेच करतात.’

या वाक्यावर मी डिझायनर बदलायला सांगते.

घोडबंदर रोडवरच्या अनेक नव्या टॉवरमध्ये ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती आहेत. बोलीभाषेत त्याला मायवान म्हणतात. तिथे आतली पातळ वाटणारी भिंतसुद्धा इमारतीचं वजन पेलत असते. ती पाडणं सोडाच, वायरसाठी खोल खाच मारणंही धोक्याचं आहे. उलट जुन्या बैठ्या-दुमजली इमारतींत, आणि सिडकोच्या जुन्या वसाहतींत काही ठिकाणी, विटांची भिंतच वरचा स्लॅब धरून उभी असते. डोळ्यांनी बघून हे ठरत नाही. इमारतीचे नकाशे पाहून स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही-शिक्क्याचं पत्र दिलं पाहिजे.

त्यानंतर सोसायटी, आणि रचनेत बदल असेल तर नियोजन प्राधिकरणाची परवानगी. ठाण्यात ठाणे महानगरपालिका, वाशी-नेरूळ-ऐरोलीत नवी मुंबई महानगरपालिका, खारघर-कामोठ्यात पनवेल महानगरपालिका. चुकीच्या कार्यालयात खेटे घालणारे बरेच भेटतात, म्हणून नावं दिली. आणि ‘सगळेच करतात’ ही परवानगी नव्हे. तुमच्या डोक्यावर आणि पायाखाली दुसऱ्यांचे संसार आहेत.

१२. सोसायटीची परवानगी डिझायनर काढतो ना?

कागद तो तयार करेल, अर्ज मात्र सभासदाचा आणि जबाबदारीही सभासदाचीच. कामाचं वर्णन, आराखडा, कामगारांची यादी आणि ओळखपत्रं, कामाच्या वेळा, अनामत रक्कम. प्रत्येक सोसायटीचे नियम थोडे वेगळे असतात, ते करार करण्याआधी डिझायनरच्या हाती द्या, म्हणजे ‘दुपारी दोन ते चार ठोकठोक बंद असते हे माहीत नव्हतं’ असं होत नाही.

राडारोडा कुठे जाणार, हे टेम्पोवाल्यालाच विचारा. तो खाडीकाठी कांदळवनात रिकामा करणं गुन्हा आहे. तो ढीग तुमच्या घरातून गेलेला असतो, हे विसरू नका.

१३. फ्लॅट नवा आहे, फक्त बाथरूमची लादी बदलायची आहे. त्यात काय विचार करायचा?

खूप. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या हितासाठी असलेल्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तुम्ही लादी फोडलीत की खालचं वॉटरप्रूफिंगही फुटतं, आणि नंतर गळती झाली तर बिल्डर तुमच्याकडे बोट दाखवतो. शक्य असेल तर पाच वर्षं थांबा. करायचंच असेल तर काम सुरू होण्याआधीचे फोटो, खालच्या घराच्या छताचेही, आणि नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर लादी बसवण्याआधी पाणी तुंबवून किमान २४ तासांची चाचणी. त्या दिवशी खालच्या शेजाऱ्यांना चहाला बोलवा आणि त्यांच्यासमोर चाचणी संपवा.

१४. पावसाळ्यात काम काढावं का?

फोडाफोड, प्लंबिंग, वायरिंग चालेल. पॉलिश, रंग आणि लाकूडकाम शक्यतो ऑक्टोबरनंतर. दिवाळीच्या आत पूर्ण करण्याचं वचन ऑगस्टमध्ये देणाऱ्याला लेखी तारीख मागा.

१५. डिझायनर आमच्या नात्यातलाच आहे. त्याला करार कसा मागायचा?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज खाली येतो. आमच्याच इमारतीत दोन सख्ख्या मावसभावांचं एका किचनवरून बोलणं बंद झालं. दोघेही सरळ माणसं. एकाला वाटलं फी नाही, दुसऱ्याला वाटलं फी समजून घेतील. ‘नातं टिकावं म्हणूनच लिहू या’ असं म्हणून तुम्हीच कागद पुढे करा, आणि फी पहिल्या दिवशी ठरवा, कमी असली तरी. कागद बघून तो दुखावलाच तर काम दुसऱ्याला द्या आणि त्याला वास्तुशांतीच्या जेवणाला आग्रहाने बोलवा.

१६. काम अर्धवट टाकून गेला आहे, फोन उचलत नाही. आता?

दुसरा माणूस आणून लगेच फोडाफोड करू नका. आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, शिल्लक मालाची यादी करा, शक्य असल्यास दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या. त्रयस्थ इंजिनिअरकडून किती काम झालंय आणि उरलेल्याला किती लागतील, याचा लेखी अहवाल घ्या. मग मुदत देऊन स्पीड पोस्टाने आणि ईमेलने नोटीस पाठवा.

उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या ठिकाणीही तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ‘आज येतो, उद्या येतो’ ऐकण्यात ती घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. पोलिसांत जायचं ते सुरुवातीपासून फसवण्याचाच हेतू दिसत असेल तेव्हा. नुसत्या उशिराला ते दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात.

१७. माणूस प्रामाणिक आहे, पण त्याचं डिझाइन मनाला येत नाही. मध्येच बदलू का?

सामान येण्याआधी लक्षात आलं तर बदला, आणि तोंडावर सांगा. लोक संकोचाने गप्प बसतात आणि मग वीस वर्षं न आवडणाऱ्या स्वयंपाकघरात उभे राहतात. झालेल्या कामाची फी पूर्ण द्या. त्याचे आराखडे पुढच्या माणसाला वापरायचे असतील तर त्यासाठी त्याची लेखी संमती आणि ठरलेली रक्कम, दोन्ही हवं. ते त्याचं काम आहे.

सामान कापलं गेल्यावर मात्र आधी त्याच्याशीच बसा. रंग, लॅमिनेट, हँडल, दिवे एवढं बदललं तरी पुष्कळ फरक पडतो. तरीही वेगळं व्हायचं ठरलं, तर हिशेब मिटल्याचा कागद दोघांनी सही करून घ्या आणि सोसायटीला त्याच दिवशी कळवा : जुन्या कामगारांचे गेटपास परत, नव्या डिझायनरच्या नावाने नवा अर्ज. घराची किल्लीही त्याच वेळी आठवणीने परत घ्या.